धंद्यात हात पोळले, आता पुढे काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: ऑनलाइन जाहिराती स्वतः शिकून तीन महिने चालवल्या, ऑर्डर जवळपास नाहीतच. माझ्याच्यानं हे होणारच नाही का?

आधी हे सांगा, जाहिरात लावायच्या आधी कुठे लिहून ठेवलं होतं का की इतके लोक बघतील, त्यातले इतके विचारतील, इतके घेतील? बहुतेक नसणार. मीही लिहायचो नाही, आणि मग डोक्यात नुसतं 'जमलं नाही' एवढंच उरायचं. माझ्या पहिल्या जाहिरातीत मी एकाच रात्री फोटो बदलला, मथळा बदलला आणि ती कोणाला दाखवायची तेही बदललं, दुसऱ्या दिवसापासून चौकशा बंद, आणि नेमकं कशामुळे ते आजपर्यंत कळलेलं नाही. तो पैसा खरंच वाया गेला असं मी मानतो, कारण हाती काहीच लागलं नाही. जेम्स डायसननं बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर बनवताना ५,१२७ नमुने केले, पण एका वेळी बदल एकच, म्हणून प्रत्येक फसलेला नमुना त्याला काहीतरी सांगून गेला. तुम्हीही वहीच्या डाव्या पानावर अंदाज लिहा, उजव्या पानावर झालं ते, आणि पुढच्या आठवड्यात फक्त फोटो बदला, बाकी कशाला हात लावू नका.

प्रश्न: मोठी ऑर्डर चुकीची गेली. पार्टनर म्हणतो, चूक कोणाची ते आधी ठरवू.

नका ठरवू, प्लीज. १९३५ मध्ये बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणीत उडताच कोसळलं, चालवणारा कसलेला पायलट होता, पण शेपटीकडचे नियंत्रणाचे हलते भाग जमिनीवर लॉक करून ठेवतात ते लॉक काढायचंच राहिलं होतं. त्यानंतर पायलट लोकांनी काय केलं, तर उड्डाणाआधी वाचायची चेकलिस्ट बनवली. माणूस बदलला असता तरी लॉक पुन्हा राहिलंच असतं ना! तुमच्याकडेही ऑर्डर घेण्यापासून पाठवण्यापर्यंत ती कोणकोणाच्या हातातून गेली ते कागदावर काढा, आणि जिथे कोणीच तपासत नव्हतं तिथे एक ओळ वाढवा.

प्रश्न: पन्नाशीला आलोय, आता हिशोबाचं सॉफ्टवेअर शिकायला उशीर झाला का?

अजिबात नाही. फक्त खऱ्या खात्यावर प्रयोग नको, कॉपी करून तिच्यावर हवं तेवढं चुका.

प्रश्न: थांबायचं कधी?

हे सुरू करायच्या दिवशीच लिहायचं, किती महिने आणि किती पैसे, कारण अडकल्यावर मन 'अजून एकदाच' म्हणतं आणि माणूस उधारी करून बसतो. आणि बंद करताना या काळात काय काय तयार झालं त्याची यादी करा. ग्लिच नावाचा गेम २०१२ मध्ये बंद पडला, पण त्या टीमनं आपसात बोलायला जे मेसेजिंग टूल बनवलं होतं, त्यातूनच पुढे स्लॅक हे ऑफिसच्या टीमनी आपसात बोलायचं अ‍ॅप उभं राहिलं. तुमच्या यादीत कदाचित फक्त चांगला सप्लायर आणि कोटेशन नीट बनवायची सवय एवढंच निघेल, तेही लिहा.