तंतू मोजावेत, की कामाचा इतिहास लिहावा?

प्रश्न : माझे वडील (तात्या) 1988 ते 2006 या काळात मुंबईत सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. पहिली दहा वर्षे त्यांच्याकडे ॲस्बेस्टॉसची पोती फोडून माल मिक्सरमध्ये ओतण्याचे काम होते. आता ते गावी शेती पाहतात. परंतु दोन वर्षांपासून बांध चढला तरी धाप लागते आणि कोरडा खोकला हटत नाही. साताऱ्यात केलेल्या एचआरसीटीमध्ये (छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी व्रण आणि फुफ्फुसाच्या आवरणावर चकत्या आढळल्या. फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसचे किती तंतू आहेत हे मोजून आणल्याशिवाय नुकसानभरपाई मिळत नाही, असे एका परिचिताने सांगितले. ते खरे आहे का? त्यासाठी फुफ्फुसाचा तुकडा काढावा लागतो का? कारखान्यातून आणलेली दोन रिकामी पोती अजून आमच्या माळ्यावर आहेत, आणि तात्यांचे कामाचे कपडे आई रोज हातांनी झटकून धूत असे.
– एक वाचक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : परिचितांनी सांगितलेले खरे नाही, आणि केवळ मोजणीसाठी तात्यांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढू देऊ नये, हे आधीच स्पष्टपणे सांगतो.

अशी मोजणी होते, हे मात्र खरे. फुफ्फुसाचा तुकडा कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचच्याच जातीच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळते आणि खनिज तंतू मागे उरतात. ते बारीक छिद्रांच्या चाळणीवर गाळून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि एक ग्रॅम कोरड्या फुफ्फुसामागे किती, असा आकडा देतात. काही लांब तंतूंभोवती शरीर लोहयुक्त प्रथिनाचा थर चढवते. असे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकातही सोनेरी-तपकिरी मण्यांच्या माळेसारखे दिसतात. त्यांना ॲस्बेस्टॉस बॉडी म्हणतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 1997 मध्ये ठरवलेल्या हेलसिंकी निकषांनुसार एका ग्रॅम कोरड्या फुफ्फुसात अशा 1000 हून अधिक बॉडी, किंवा पाच मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) लांब असे ॲम्फिबोल जातीचे एक लाखाहून अधिक तंतू आढळले, तर त्या व्यक्तीचा कामावर ॲस्बेस्टॉसशी संपर्क आला असण्याची शक्यता मोठी मानली जाते.

अडचण ‘ॲम्फिबोल’ या शब्दातच आहे. निळे आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस या जातीचे असते. ते फुफ्फुसात रुतले की वर्षानुवर्षे, दशकानुदशके तेथेच राहते. आपल्याकडे पत्र्यांसाठी मुख्यतः वापरले जाते ते पांढरे ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल. त्याचे तंतू फुफ्फुसात तुटतात, झिजतात आणि तुलनेने लवकर बाहेर पडतात. त्यांनी केलेली इजा आणि त्यातून वाढलेला व्रण मात्र मागे राहतो. तात्यांनी पोती फोडणे थांबवून पंचवीसेक वर्षे उलटली आहेत. आज मोजणी केली आणि आकडा कमी आला, तर ‘यांच्या छातीत ॲस्बेस्टॉस नाहीच’ असा युक्तिवाद समोरच्या बाजूच्या हाती आयता दिला जाईल. म्हणूनच क्रायसोटाइलच्या बाबतीत तंतूंच्या संख्येपेक्षा नोकरीचा इतिहास अधिक भरवशाचा, असे हेलसिंकी निकषही मानतात. थुंकीच्या तपासणीचेही तसेच आहे: बॉडी सापडली तर संपर्क झाला हे कळते, सापडली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय मोजणीला पुरेल एवढा तुकडा दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीत सहसा मिळत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि धाप लागणाऱ्या माणसाला ती जोखीम केवळ एका आकड्यासाठी पत्करायला लावणे मला अजिबात मान्य नाही. ॲस्बेस्टोसिसचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसात व्रण पडण्याच्या आजाराचे, निदान संपर्काचा इतिहास, संपर्क आणि आजार यांच्या मधला पुरेसा काळ, एचआरसीटी, श्वासक्षमतेची चाचणी आणि छातीच्या तळाशी ऐकू येणारी चरचर यांवरून होते. आवरणावरच्या चकत्या दोन्ही बाजूंना असतील, तर तो स्वतःच संपर्काचा बोलका पुरावा आहे.

त्यामुळे खरी मेहनत कागदावर घ्यावी. तात्या कोणत्या साली कोणत्या खात्यात होते, पाळीत साधारण किती पोती फोडत, धूळ ओढणारा पंखा होता का, तोंडाला रुमालाखेरीज काही मिळत होते का, हे सारे त्यांच्या शब्दांत लिहून त्यावर त्यांची सही घ्या आणि सोबत काम केलेल्या दोघा-तिघांचे जबाब जोडा. माणसे थकत चालली आहेत, म्हणून हे याच महिन्यात करा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. तात्या 1988 साली लागले, म्हणजे त्यांची नोंद 2028 पर्यंत कारखान्याकडे असायला हवी. ती लेखी मागा आणि पोचपावती घ्या. ॲस्बेस्टोसिस नुकसानभरपाईच्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. कारखान्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते का, हे जुन्या कार्डावरून पाहून दावा कोठे करायचा ते ठरवावे.

तात्या बिडी ओढत असतील तर ती आजच सुटली पाहिजे, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आईंच्या छातीचा एक्स-रे काढून तो छातीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कपडे झटकण्याचा इतिहास त्यांना आवर्जून सांगा. अशा घरातल्या बायकांनाही हे आजार झालेले आहेत. माळ्यावरची पोती झटकू नका, जाळू नका, धान्यासाठीही वापरू नका. त्यांवर हलक्या हाताने पाणी शिंपडून ती भिजवा, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक बंद करा आणि घातक कचरा म्हणून त्यांची विल्हेवाट लागेपर्यंत मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.