चकचकीत रुपया की वाचता येणारा?

प्रश्न : काका, वडिलांनी जमवलेली साठ-सत्तर नाणी माझ्याकडे आहेत. त्यांत नाशिकच्या टांकसाळीचे पेशवेकाळातले चार रुपये आहेत, चारही झिजलेले. ते विकून एकच, पण उत्तम रुपया ऑनलाइन लिलावात घ्यावा असं मनात आहे. बोली कुठवर चढवू? शिवाय उरलेली नाणी मुलगा ह्यूस्टनला नेतो म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : विकायची घाई करू नका. आधी ते चार रुपये उन्हात धरून वाचा. नाशिकच्या रुपयावर नाव असतं दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं, तेही फारसीत. टांकसाळीचं नाव 'गुलशनाबाद'. मोगलांच्या काळात आपल्या गावाचं हेच नाव होतं. (चांदवडच्या रुपयावर 'जाफराबाद' येतं, दोन्हींची गल्लत करू नका.) ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, वरून हाताने हातोडा मारायचा. त्यामुळे मजकूर अर्धामुर्धा उमटतो, आणि नेमकं गावाचं नाव चकतीबाहेर जातं. एखादा रुपया झिजलेला दिसला तरी त्यावर 'गुलशनाबाद' पुरतं वाचता येत असेल, तर तो मी नाव कापलेल्या चकचकीत रुपयापेक्षा वरचा धरतो. 1835 पासूनचे ईस्ट इंडिया कंपनीचे रुपये यंत्रावर पडलेले, सगळे एकसारखे. तिथे झीज आणि चकाकी बघायची. तो नियम इथे लावला की माणूस फसतो.

असंच एक उदाहरण देतो. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला शक क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नुसत्या डोळ्यांना ते नाणं बिघडलेलं वाटेल. पण कोणी कोणाला हरवलं हे त्या बिघाडातच लिहिलेलं आहे. सवड काढून त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणे संग्रहालयात जाऊन या. तिथली संशोधन संस्था 1980 पासूनची आहे. चार तास काचेपलीकडची नाणी बघितलीत की कॅटलॉगमधल्या फोटोकडे वेगळ्या नजरेने बघाल.

फोटोवर मात्र विसंबू नका. मी विसंबलो होतो. गुलशनाबादचाच रुपया, अक्षरं स्वच्छ, माझी बोली 6,500 वर टिकली. घरी आल्यावर बोटाने कड चाचपली तर वरच्या बाजूला खडबड. कोणा आजीच्या गळ्यातल्या माळेत तो रुपया होता, आणि कडी काढून जागा घासून घेतलेली. फोटो समोरून काढलेला, कड दिसणार कशी? पण वर्णनात 'कडी काढल्याची खूण' हे शब्द बारीक अक्षरांत होते. मीच वाचले नव्हते, दोष कोणाला देऊ? वर लिलावगृहाचं कमिशन 20 टक्के, म्हणजे 1,300 रुपये, मग जीएसटी आणि कुरिअर. रुपया आठ हजारांच्या पुढे गेला. अजून आहे माझ्याकडे. विकायला काढला तर खूण मला सांगावी लागेल, आणि निम्मेही येणार नाहीत.

म्हणून बोली कुठवर, याचं उत्तर उलटीकडून काढा. खिशातून एकूण किती जाऊ द्यायचे ते ठरवा आणि त्यातून कमिशन, कर, टपाल वजा करा. उरेल तो तुमच्या बोलीचा आकडा. तो कागदावर लिहून ठेवा. गोदेला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, पाणी कमरेला आलं की छातीला. तसा हा कागद समोर ठेवा. पाणी गळ्याशी आलं की उठा आणि चहा टाका. शेवटच्या मिनिटाला 'आणखी पाचशेच तर' असं मन म्हणतं. समोरच्याचंही मन तेच म्हणत असतं. शक्य असेल तर लिलावाआधीच्या पाहणीला जा आणि नाणं हातात घेऊन कड बघा.

तुमचे चार रुपये लिलावगृहाकडे दिलेत तर विकणाऱ्याकडूनही कमिशन जातं, आणि साध्या रुपयाला ते परवडत नाही. ओळखीच्या संग्राहकाला दाखवा. आणि कृपा करून चिंचेने घासू नका. आमच्याकडे दर लक्ष्मीपूजनाला ताम्हणातले रुपये चिंच-मीठ लावून उजळायचे. तीस वर्षांत त्यांच्यावरची राणी नाक गमावून बसली.

ह्यूस्टनचं : शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. एखादं नाणं सामानात सहज गेलं असंही करू नका. मुलाला नीट फोटो काढून पाठवा, कडेचासुद्धा.