कानाच्या वरच्या कडेला टोचलं, अमॉक्सिसिलिन घेऊनही सूज वाढतेच आहे. वेगळा जंतू असू शकतो का?

हो, असू शकतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, डॉक्टर नाही. पण वरच्या कडेला टोचलंय म्हणता, तेव्हा आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

कानाची खालची मऊ पाळी चिघळली तर बहुधा स्टॅफिलोकॉकस हा जंतू असतो आणि तो नेहमीच्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. वरच्या कडेत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारं लवचीक कुर्कुरीत हाड असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. मध्ये पू साठला की पोषण तुटतं, औषधही नीट पोचत नाही. कूर्चा गेली की कानाचा आकार बिघडतो, तो आपोआप परत येत नाही. अशा कानात वारंवार सापडतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा. कान लालभडक, हात लावू देत नाही आणि पाळी मात्र ठीकठाक, असं असेल तर कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग धरून चालायचं. या जंतूची प्लेट (प्रयोगशाळेत जंतू वाढवायची बशी) बहुतेकदा हिरवट दिसते, झाकण उघडलं की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो (वास मुद्दाम घ्यायचा नसतो, पण येतोच). अमॉक्सिसिलिनला तो अजिबात दाद देत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध लागतं, पू असेल तर चिरा देऊन काढावा लागतो.

हा ओल्या जागेतला जंतू, काही जंतुनाशकांतही तग धरतो. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एकाच स्टॉलवर टोचून घेतलेल्या ७ जणांमध्ये तो पक्का सापडला, चौघांना दाखल करावं लागलं. तोच जंतू तिथल्या जंतुनाशकाच्या बाटलीत निघाला!

बेंबी किंवा स्तनाग्र टोचल्यावर कित्येक आठवड्यांनी न दुखणारी गाठ आली, तर संशय क्षयजंतूच्या चुलत भावंडांवर घ्यायचा: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, अ‍ॅब्सेसस. साधी प्लेट दोनेक दिवसांत निकाली निघते, यांना उगवायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून 'कल्चर निगेटिव्ह', म्हणजे जंतू उगवला नाही, असा अहवाल येतो आणि रुग्ण गोळ्या बदलत बसतो. उपचार काही महिने चालतात.

जीभ टोचल्यावर ताप रेंगाळला आणि हृदयाच्या झडपेचा आजार असेल, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगायला हवं.

तुमच्या बाबतीत, नवी गोळी सुरू होण्याआधी पूचा नमुना द्या आणि फॉर्मवर 'कूर्चेत टोचलं आहे' असं लिहून घ्या. डूल स्वतःहून काढू नका. छिद्र मिटून पू आत अडकू शकतो. काढायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.