अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये मारल्या गेलेल्या पूर्वजाच्या बायको-मुलांची माहिती कुठे मिळेल?

त्याच्या बायकोची विधवा-पेन्शनची फाइल शोधा, वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये (सरकारी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात) मिळते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत नावं आहेत पण कोण कुणाचं काय लागतं ते नाही, नातं १८८० पासून लिहायला लागले. पेन्शनसाठी मात्र बाईला लग्न आणि १६ वर्षांखालच्या मुलांचे जन्म सिद्ध करावे लागायचे, दाखला नसेल तर सुईणीची नाहीतर शेजाऱ्यांची शपथेवरची साक्ष, कधी तर घरच्या बायबलमधलं जन्मतारखा लिहिलेलं पानच फाडून जोडलेलं असतं, बघताना खरंच गलबलून येतं. फक्त तो कॉन्फेडरेटकडून, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांकडून, लढला असेल तर इथे फाइल नसणार, त्या पेन्शन दक्षिणेतल्या राज्यांनी दिल्या, त्यामुळे विधवा नंतर ज्या राज्यात राहिली तिथलं अर्काइव्ह बघा.