अमेरिकेत घरगुती डे-केअर काढायचंय? कर्जाचा नंबर शेवटी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला तुमचं पाळणाघर नीट चाललंय, मिस्टरांची कंपनी त्यांना एच-वन-बीवर सॅन होजेला पाठवतेय, आणि तिकडे जाऊन तुम्हाला हेच काम करायचंय. डे-केअरवाल्यांना तिथे ‘ना नफा’ संस्था कर्ज देतात असं कानावर आलंय. ते खरं का, तुम्हाला मिळेल का, आणि नाहीच मिळालं तर चिंचवडच्या फ्लॅटवर कर्ज काढून पैसे न्यावेत का? मी फ्रीमाँटला घरीच डे-केअर चालवते, म्हणून कॅलिफोर्नियापुरतं सांगते. दुसऱ्या राज्यात लायसन्सचे नियम वेगळे असतात.

फ्लॅटचं आधी. तो गहाण टाकू नका. साठवलेले पैसे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, नेता येतात, पण परदेशात भांडवल घालण्यासाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. आणि मुळात पहिल्या वर्षी तुम्हाला एवढ्या पैशांची गरज पडणार नाही, कारण बहुतेक तुम्हाला काम सुरूच करता येणार नाही.

एच-वन-बीवाल्याची बायको एच-फोरवर येते. एच-फोरवर काम करायला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं. ते २०१५पासून मिळतं खरं, पण नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, मंजूर झालेला असेल किंवा त्याच्या एच-वन-बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल, तरच. कंपनी ग्रीन कार्डची फाइल कधी उघडते यावर सगळं अवलंबून. तोवर शेजारणीचं मूल पैसे घेऊन सांभाळणंही नियमात बसत नाही. ‘सगळ्याच करतात’ असं सांगणाऱ्या बायका तुम्हाला भेटतील. पुढे ग्रीन कार्डच्या अर्जात बेकायदा कामाबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्याकडे बघून उत्तर देता येत नाही. मात्र मिस्टरांची बदली एकाच कंपनीत होत असेल, तर एल-वनवर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, जाता येईल का, हे एचआरला जरूर विचारा. एल-वनवाल्याच्या जोडीदाराला एल-टू मिळतो, आणि त्यावर आलेल्याला २०२१च्या अखेरीपासून वेगळं ईएडी न काढताही काम करता येतं. एल-वनचे तोटे आहेत, नोकरी बदलणं अवघड होतं, पण तुमच्या धंद्याच्या दृष्टीने हा फरक काही वर्षांचा असू शकतो. तिकीट काढायच्या आधी ठरवायची गोष्ट ही आहे, कर्ज नंतर.

आता त्या संस्था. कानावर आलंय ते खरं आहे. त्यांना सीडीएफआय (कम्युनिटी डेव्हलपमेंट फायनान्शियल इन्स्टिट्यूशन) म्हणतात. १९९४च्या कायद्याने अमेरिकी अर्थखात्यात त्यांच्यासाठी एक निधी उभा राहिला. त्याआधी १९७७ला आलेल्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्यामुळे बँकांना आपल्या भागातल्या गरीब वस्त्यांतही कर्ज देणं भाग पडलं, आणि बऱ्याच बँका ते या संस्थांमार्फत करतात. मुलांच्या सांभाळासाठी कर्ज देणाऱ्यांत काही मुरलेली नावं आहेत: सॅन फ्रान्सिस्कोतून सुरू झालेला लो इन्कम इन्व्हेस्टमेंट फंड, मिनेसोटाकडची फर्स्ट चिल्ड्रन्स फायनान्स, नॉर्थ कॅरोलिनातली सेल्फ-हेल्प.

साधी बँक या धंद्याला का घाबरते, हे पाळणाघर चालवणाऱ्या बाईला समजावायला नको. तारण म्हणून काय दाखवणार, बुटक्या खुर्च्या आणि घसरगुंडी? सेंटरमध्ये चार तान्ह्यांमागे एक बाई लागतेच, बारा मोठ्यांमागे एक लागतेच. पगार कापता येत नाहीत, आणि फी वाढवली की पालक दुसरीकडे जातात. नफा असला तरी हातावर पोट म्हणावा इतकाच. सीडीएफआय हा हिशेब ओळखून कर्ज देतात. कधी इमारतीच्या दुरुस्तीला, कधी कुंपण आणि अंगणातल्या मऊ फरशीला, कधी नुसतं पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाला. व्याज बँकेपेक्षा कमी असेलच असं नाही. काही योजनांत ठरलेली वर्षं मुलांच्या तेवढ्या जागा चालू ठेवल्या तर कर्ज माफही होतं, पण त्या सरकारी पैशावर उघडतात आणि बंद होतात.

एक गोष्ट मात्र कुणी उघडपणे सांगत नाही. हा पैसा गरीब घरातल्या मुलांना जागा मिळावी म्हणून आहे. फक्त इंजिनिअरांची मुलं घेणारं, भरगच्च फी लावणारं ‘देसी’ डे-केअर काढायचं असेल, तर या दारावर फारसं कुणी उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे. सरकारी मदतीवर येणारी मुलं, म्हणजे इथल्या भाषेत व्हाउचरवाली मुलं, घ्यायची तयारी हवी. त्या मुलांची फी पालकांऐवजी एजन्सी देते. कागद जास्त लागतात, पहिला पैसा हाती पडायला वेळ जातो, पण पुढे तो नियमित येतो. माझ्या मते घ्यावीत. कर्ज देणारालाही असा खात्रीचा पैसा वहीत दिसलेला आवडतो.

तुमची खरी अडचण वेगळीच असेल: अमेरिकेत तुमचं क्रेडिट शून्य. सिबिल स्कोअर तिथे कुणी विचारत नाही. यावर एक उपाय ऐकून तुम्हाला हसू येईल. मिशन अॅसेट फंड नावाची सॅन फ्रान्सिस्कोची संस्था चक्क भिशी चालवते. सात-आठ जणांचा गट, दर महिन्याला सारखी वर्गणी, पाळीपाळीने एकाला सगळी रक्कम, व्याज काही नाही. फरक इतकाच की प्रत्येक हप्ता क्रेडिट ब्युरोला कळवला जातो, म्हणून स्कोअर तयार होतो. दुसरं नाव कीव्हा. तिथे १५ हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज लोकवर्गणीतून मिळतं, पण सुरुवातीचे काही पैसे तुमच्याच ओळखीच्यांनी घालावे लागतात. महाराष्ट्र मंडळात चार माणसं जोडून ठेवा. एसबीए या सरकारी खात्याच्या हमीवरची कर्जं तुमच्या व्हिसावर मिळणार नाहीत असंच धरून चला. २०२५ मध्ये तिथल्या अटी कडक झाल्या. ऑनलाइन ‘आजच पैसे’ देणारे, रोज खात्यातून कापून घेणारे भेटतील, त्यांना हात जोडा.

ईएडी हातात आल्यावर लहान लायसन्सपासून सुरू करा. त्यावर सहा मुलं घेता येतात, काही अटी पाळून आठ, आणि तुमची स्वतःची दहा वर्षांखालची मुलं त्यातच मोजतात. मोठ्या लायसन्सवर चौदापर्यंत जाता येतं, पण त्यासाठी मदतनीस आणि साधारण वर्षभराचा अनुभव लागतो. घर भाड्याचं असलं तरी चालतं. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यामुळे घरमालक किंवा सोसायटी घरगुती डे-केअरला मनाई करू शकत नाही. मालकाला तीस दिवस आधी लेखी कळवायचं. सातवं-आठवं मूल घ्यायचं तर मात्र त्याची परवानगी लागते. बोटांचे ठसे, सीपीआर (हृदय बंद पडल्यावरचा प्रथमोपचार) आणि आरोग्याचं प्रशिक्षण हे सगळं ओघाने येतं. प्रत्येक काउंटीत रिसोर्स अँड रेफरल संस्था असते, ती फुकट मार्ग दाखवते. आधी तिथेच जा.

मग वर्षभर हिशेब चोख ठेवा. घराच्या कुठल्या भागात किती तास मुलं असतात, त्या प्रमाणात भाडं आणि वीज खर्चात दाखवता येतात, आणि त्यासाठी ती खोली फक्त धंद्यालाच वापरली पाहिजे अशी सक्ती डे-केअरला नाही. मोह होतो सगळं दाखवायचा. पण कर वाचवायला नफा पार खाली आणला, की कर्ज देणारा तोच आकडा बघून विचारतो, हप्ता कशातून फेडणार? कुठे थांबायचं, हे सीडीएफआयचे सल्लागार बसवून समजावतात. मला विचाराल तर त्यांच्या कर्जापेक्षा हा सल्लाच जास्त मोलाचा आहे. कर्ज लगेच घ्यायचं नसलं तरी त्यांचे वर्ग करा.

ते आणखी एक विचारतील: चार वर्षांची मुलं गेली तर काय? कॅलिफोर्नियात २०२५-२६ पासून चार वर्षांच्या सगळ्या मुलांना सरकारी शाळेत फुकट टीके, म्हणजे बालवाडीसारखा, वर्ग आहे. म्हणजे बिनडायपरची, सांभाळायला सोपी मुलं शाळेत गेली, उरली तान्ही आणि दोन-तीन वर्षांची. तुमचा धंद्याचा आराखडा तान्ह्यांच्या जागांवरच बांधा आणि उरलेला वेळ शाळा सुटल्यानंतरच्या मुलांसाठी ठेवा. यूट्यूबवर ‘डे-केअरला फुकट ग्रँट’ असे व्हिडिओ दिसतील, त्यांची तारीख बघा. कोविडच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने डे-केअर सावरायला २४ अब्ज डॉलर दिले होते. ते २०२३च्या सप्टेंबरात संपले.

येताना पाळणाघराच्या जमाखर्चाच्या वह्या, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि दोन-तीन पालकांची इंग्रजीत लिहिलेली पत्रं आणा. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशींची नोंद शोधून ठेवा, लायसन्सला लागते. टीबीची तपासणीही मागतात. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. थेट रक्ताची चाचणी मागा.