लाइटरूमसाठी ग्राफिक कार्ड बदलतोय, जुना ४५० वॅटचा एसएमपीएस चालेल का?

ऐरोलीच्या प्रश्नकर्त्यांकडे आय५-८४००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय आहे. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे पहाटे जास्त आयएसओवर काढलेले फोटो अडोबीच्या लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये डीनॉइज करायला, म्हणजे फोटोतले दाणे काढायला, एकेका फाइलला कित्येक मिनिटं लागतात. आरटीएक्स ४०६० घ्यावं की ३०६० चं १२ जीबीवालं, असं त्यांनी विचारलंय. शेवटी सहज लिहिलंय, ‘दुकानदार म्हणतो एसएमपीएस आहे तोच राहू द्या, मशीन चालतंय ना.’

त्या शेवटच्या वाक्यासाठीच हे उत्तर लिहितोय. कार्डाचं नंतर बघू. आधी मशीन बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या खोक्यावरचं, लेबल वाचा. मोठ्या अक्षरातलं ‘४५०’ सोडून द्या. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. स्वस्त एसएमपीएसवर तिथे १६ दिसतात, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात आणि कार्डाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. प्रोसेसर आणि कार्ड, दोघांची मोठी भूक १२ व्होल्टवरच भागते. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर एकट्या १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर आकडा असतो.

तुमचं मशीन आजवर चाललं कारण १०५० टीआय ७५ वॅटचं आहे आणि तेवढे त्याला मदरबोर्डवरच्या स्लॉटमधूनच मिळतात. प्रोसेसर ६५ वॅटचा. आता ४०६० म्हणजे ११५ वॅट, ३०६० म्हणजे १७०. हे झाले सरासरी आकडे. क्षणभरासाठी कार्ड याहून बरंच जास्त ओढतं आणि कच्चा एसएमपीएस नेमका त्या क्षणी मान टाकतो.

नौपाड्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं मशीन याचा सरळ नमुना होता. नवीन कार्ड टाकल्यावर फोटो निवडताना, क्रॉप करताना, अल्बमची पानं लावताना काही त्रास नाही. रात्री दोनशे फाइलींना डीनॉइज लावून झोपायचं आणि सकाळी बघावं तर मशीन रिस्टार्ट होऊन लॉगिनवर उभं. ज्या दुकानात कार्ड बसवलं तिथे दोनदा विंडोज टाकून झालं, रॅम बदलून झाली, शेवटी कार्डच खराब ठरवलं. कार्ड ठणठणीत होतं. ते ज्या जोडणीवर चालत होतं ती बघा: एसएमपीएसला ८ पिनची वायरच नव्हती, म्हणून साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) पिनला अडॅप्टर लावून कार्डाला वीज दिलेली. साटाची पिन १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या हिशेबाने बनवलेली असते. कार्डाच्या ८ पिनच्या तोंडाचा हिशेब १५० वॅटचा. अडॅप्टरचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. पूर्ण लोडवर कार्डाच्या तोंडाशी मल्टिमीटर धरला तर ११.२ व्होल्ट. नियमात ५ टक्के चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाताच कामा नये.

मग बाकी कामात का बंद पडत नव्हतं? कारण फोटो निवडताना कार्ड जवळजवळ रिकामंच बसलेलं असतं. डीनॉइजमध्ये ते पूर्ण ताकदीने पळतं, एक फाइल संपली की क्षणभर थांबतं, दुसरी आली की पुन्हा उसळतं. दोनशे फाइली म्हणजे दोनशे वेळा हा धक्का. त्यातला एक एसएमपीएसला झेपला नाही की खेळ खलास. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं आणि आधी निळा पडदा आलेला नसतो. असं दिसलं की सॉफ्टवेअर चाळत बसू नका, वीज तपासा. त्या मशीनला ५५० वॅटचा नीट एसएमपीएस लावला, त्याच्याच ८ पिनच्या वायरने कार्ड जोडलं आणि रिस्टार्ट थांबले.

‘चालू झालं म्हणजे पुरला’ हे काउंटरवरचं वाक्य मला मान्य नाही, कधीच नव्हतं. मशीन चालू होणं ही एसएमपीएसची परीक्षाच नव्हे. लोक तीस हजारांच्या कार्डासाठी आठवडाभर व्हिडिओ बघतात आणि ज्यावर ते चालणार त्याचं लेबलही वाचत नाहीत. पैसे कमी असतील तर या महिन्यात एसएमपीएस घ्या, कार्ड पुढच्या महिन्यात.

बदलताना एक चूक कार्डासकट बोर्ड जाळते. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) एसएमपीएस घेतला तर त्याच्याच डब्यातल्या वायरी वापरा. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, तोंड बसलं तरी. प्रोसेसरची ४+४ पिन आणि कार्डाची ६+२ पिन दिसायला सारख्या वाटतात, पण त्या एक नाहीत. जोर लावावा लागला तर थांबा.

आता कार्ड. डीनॉइज लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ ला आलं आणि त्याला हवेत आरटीएक्समधले टेन्सर कोर (एआयची गणितं करणारे भाग), जे जीटीएक्समध्ये नाहीत. म्हणून दोन्हींपैकी कुठलंही घेतलंत तरी मिनिटांचं काम सेकंदांत मोजाल. डीनॉइजसाठी अडोबी ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) सुचवते, ती ४०६० मध्ये आहे. तुमच्या मदरबोर्डवर कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३.० आहे आणि ४०६० त्यातल्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, यावरून लोक घाबरवतात. फोटोच्या कामात त्याने अडत नाही. मी ४०६० घेईन, कमी वीज आणि कमी उष्णता म्हणून. त्याच मशीनवर व्हिडिओही कापत असाल तर १२ जीबीचा विचार करा.

सेकंडहँड ३०६० घेत असाल तर ते क्रिप्टो मायनिंगमध्ये राबलेलं असू शकतं. पंखे हाताने फिरवून बघा, अर्धा तास लोडवर चालवून मगच पैसे द्या. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं कार्ड असेल तर ते नावाआधी ‘फेक’ असं दाखवतं.

जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने काढा, मग कार्ड बदला, मग एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. मॉनिटरची वायर मदरबोर्डवर नाही, कार्डावर लावा. लाइटरूममध्ये प्रेफरन्सेस, परफॉर्मन्समध्ये जाऊन नवं कार्ड दिसतंय ना ते बघा आणि एक्स्पोर्टही कार्डावर चालू करा. आणि मॉनिटर नव्याने कॅलिब्रेट करा. जुन्या प्रोफाइलमधली दुरुस्ती जुन्या कार्डाच्या आउटपुटवर मोजलेली होती, फ्लेमिंगोच्या गुलाबीत फरक पडू शकतो.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचा त्रास फाइली इम्पोर्ट होण्यात किंवा प्रिव्ह्यू तयार होण्यात असेल तर मुख्यतः प्रोसेसर आणि डिस्क बघा: कॅटलॉग एसएसडीवर न्या, रॅम ३२ करा. आणि तुमचा डबा एखाद्या कंपनीचा तयार, बारीक डेस्कटॉप असेल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. त्यात एसएमपीएसची पिनच वेगळी असते आणि पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही. तिथे ७० वॅटचं, वेगळी वीज न लागणारं ३०५० चं ६ जीबी मॉडेल अर्ध्या उंचीच्या पट्टीसह मिळतं का ते बघा, आणि तेही घेण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढून इथे टाका. १२ व्होल्टची ओळ स्पष्ट दिसेल असा.