मर्फी रेडिओ : विलायती की ठाण्याचा?

जुन्या मर्फी रेडिओंविषयी येणाऱ्या पत्रांत संच विलायती की ठाण्यात बनलेला, हा गोंधळ वारंवार आढळतो; म्हणून काही उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : मर्फी ही कंपनी भारतीय की इंग्रज?

मूळ कंपनी इंग्रज. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी ती १९२९ मध्ये वेल्विन गार्डन सिटी येथे काढली.

प्रश्न : एक विक्रेता ‘१९२९चा अस्सल विलायती मर्फी’ म्हणून दुप्पट किंमत मागत आहे. घ्यावा का?

१९२९ हे कंपनीच्या स्थापनेचे वर्ष आहे, हातातल्या संचाचे नव्हे, आणि ही सरमिसळ विक्रेते जाणूनबुजून करतात. (ट्रान्झिस्टर संचही याच सालाचे म्हणून खपवले जातात; ट्रान्झिस्टरचा शोधच १९४७चा आहे.) मर्फी नावाचे संच इंग्लंडमध्ये बनले, तसेच मर्फी रेडिओ ऑफ इंडियाच्या ठाण्यातील कारखान्यातही बनले. परवान्यावरील उत्पादनात नाव एकाचे आणि जुळणी दुसऱ्याची असू शकते, त्यामुळे दर्शनी भागावरील नावावरून संच कोठे तयार झाला हे कळत नाही. खुद्द फ्रँक मर्फी १९३७ मध्ये कंपनीतून बाहेर पडले, १९६२ मध्ये ती रँक या ब्रिटिश उद्योगसमूहाकडे जाऊन बुश या दुसऱ्या रेडिओ कंपनीच्या जोडीला बसली, तरी नाव चालूच राहिले.

पाहायचे ते मागच्या पुठ्ठ्यावरील छापील मजकूर, चॅसीसवरील (आतल्या धातूच्या सांगाड्यावरील) क्रमांक आणि डायल. डायलवर लाँग वेव्हचा बँड आणि त्यावर ‘लाइट’ असे लिहिलेले असेल, तर संच ब्रिटनमधील घरांसाठी बनला असण्याची शक्यता दाट आहे, कारण बीबीसीचा लाइट प्रोग्राम लाँग वेव्हवर १५०० मीटरला लागे. मात्र तो १९४५ मध्ये सुरू झाला, म्हणजे असा डायल १९२९चा असूच शकत नाही. लाँग वेव्ह नाही म्हणून संच ठाण्याचाच, असे उलट अनुमानही काढू नये. इंग्लंडहून निर्यात होणाऱ्या संचांतही अनेकदा लाँग वेव्हऐवजी शॉर्ट वेव्ह असे. मागचा पुठ्ठा फाटका म्हणून फेकणारे आणि पॉलिश करताना चिठ्ठ्या खरवडून काढणारे हाच पुरावा नष्ट करतात, याचा मला मनस्वी संताप येतो. विक्रेता मागची बाजू उघडू देत नसेल, तर विसार देऊ नका. देत असेल, तर छायाचित्रे घेऊन आधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : व्हॉल्व्हमध्ये (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीत) असल्याचे सांगितल्या जाणाऱ्या ‘लाल पाऱ्या’ला लाखो रुपये मिळतात का?

नाही. ही शुद्ध फसवणूक आहे. कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास पोलिसांकडे जा.

प्रश्न : वडिलांचे पोस्टाचे रेडिओ लायसन सापडले. त्यावरून संचाचे वय ठरेल का?

पोस्टाचे शिक्के शुल्क कधी भरले ते सांगतात, संच कधी बनला ते नव्हे. लायसनची पुस्तिका मात्र संचासोबतच ठेवा आणि दोन्ही एकदम जाणकाराला दाखवा.

प्रश्न : कित्येक वर्षे बंद असलेला संच लावून पाहू का?

मुळीच नाही. जुने कंडेन्सर निकामी झालेले असतात, आणि एसी-डीसी (दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या) संचात चॅसीसमध्येच घरातली वीज उतरलेली असू शकते. व्हॉल्व्हची कामे केलेल्या कारागिराने तपासल्याखेरीज प्लग लावू नका.